इलियड वाचायला घेताय? मग मान आणि कीर्तीचा हिशोब असा ठेवा

इलियड, म्हणजे होमरचं ट्रॉयच्या युद्धावरचं प्राचीन ग्रीक महाकाव्य, वाचायला घेणारे बरेच जण पहिल्याच सर्गात अडकतात आणि अडकायचं कारण जवळपास दर वेळी सेमच असतं. ग्रीकांचा सगळ्यात मोठा योद्धा एका बंदी बाईवरून राजाशी भांडतो, रडत समुद्राच्या काठावर जाऊन बसतो, आईला हाक मारतो, आणि मग तिकडे आपली माणसं मरत असताना हा तंबूतून हलत नाही. वाचणाऱ्याला वाटतं हा कसला हिरो. मलाही पहिल्या वाचनात तसंच वाटलं होतं, अकिलिसला हट्टी पोरगा समजून मी पुढे वाचत गेलो आणि त्यामुळे निम्मं काव्य मला कळलंच नाही. दुसऱ्यांदा वाचताना मी एक साधी गोष्ट केली, एक वही घेतली आणि कोणी कोणाला काय दिलं, कोणी कोणाकडून काय काढून घेतलं, एवढंच लिहीत गेलो. त्या वहीने सगळं उलगडलं. म्हणून खाली जे सांगतोय ते त्या वहीबद्दलच आहे, कशी ठेवायची, कुठे हळू वाचायचं, कुठे सरळ पुढे जायचं.

आधी थोडी तयारी. इलियडमध्ये २४ सर्ग आहेत आणि साधारण १५,७०० ओळी. सर्ग सारख्या लांबीचे नाहीत, सगळ्यात छोटा एकोणिसावा, ४२४ ओळींचा, आणि सगळ्यात मोठा पाचवा, ९०९ ओळींचा, त्यामुळे एका बैठकीत एक सर्ग आरामात होतो. भाषांतर कुठलंही घ्या पण ओळींचे नंबर दिलेलं घ्या, कारण तुम्हाला सारखं मागेपुढे जावं लागणारे. होमर नावाचा एकच माणूस होता का अनेक गायक, हा वाद सध्या बाजूला ठेवा. बहुतेक अभ्यासक हे काव्य इसवी सनपूर्व ८व्या शतकाच्या आसपासचं मानतात आणि ते ऐकण्यासाठी होतं, एवढं पुरे. आणि हो, ट्रोजन युद्ध १० वर्षांचं असलं तरी इलियडमध्ये दहाव्या वर्षातले पन्नासेक दिवसच येतात. लाकडी घोडा नाही, अकिलिसची टाच नाही, ट्रॉयचं जळणं नाही. ते शोधत बसाल तर हाती काही लागणार नाही.

आता पहिलं काम, डोक्यातला हिरो काढून टाका. आपण हिरो म्हटलं की चांगला, निःस्वार्थी, दुबळ्यांसाठी लढणारा माणूस समोर आणतो. होमरचा ‘हेरोस’ हा शब्द फार मोकळा आहे, तो साधारण योद्ध्यांना, उच्च कुळातल्या माणसांना लागतो आणि होमरच्याच ओडिसी या दुसऱ्या काव्याच्या आठव्या सर्गात तर डेमोडोकस नावाच्या आंधळ्या गायकालाही लागलाय. त्यात सद्गुणाचं सर्टिफिकेट नाही. त्यामुळे ‘हा माणूस चांगला का वाईट’ हा प्रश्न वाचताना सारखा विचारत बसू नका, त्याऐवजी विचारा की याला कोण मान देतंय, कशाच्या रूपात देतंय आणि तो मान कोण हिरावून घेऊ शकतो.

यासाठी तीन ग्रीक शब्द पाठ करा. फक्त तीन, बाकीचे वाटेत भेटतील. पहिला ‘तिमे’. याचं भाषांतर मान किंवा सन्मान असं होतं पण त्याच शब्दाला किंमत, मोल असाही अर्थ आहे, आणि ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. तिमे मनातली भावना नाहीये, ती इतर लोक तुम्हाला देतात, सगळ्यांसमोर देतात, आणि ती दिसते. दुसरा शब्द ‘गेरास’, म्हणजे तिमे जिच्यात दिसते ती वस्तू, लुटीतून सैन्याने तुम्हाला काढून दिलेला खास वाटा. तिसरा ‘क्लेओस’, कीर्ती. या शब्दाचं मूळ ऐकण्याच्या क्रियापदात आहे, क्लेओस म्हणजे जे ऐकू येतं ते, लोकांच्या तोंडून, गायकाच्या तोंडून. आपल्याला हा शब्द परका वाटायला नको, कारण संस्कृतातला ‘श्रवस्’ आणि ग्रीकमधला ‘क्लेओस’ हे सख्खे भाऊ आहेत, आपला ‘श्रवण’ त्याच धातूतला. अकिलिस ज्याला ‘क्लेओस अफ्थितोन’ म्हणतो, न विझणारी कीर्ती, त्याला जुळणारे ‘अक्षित’ आणि ‘श्रवस्’ हे शब्द ऋग्वेदातही एकत्र येतात, आणि हे साम्य अडालबर्ट कून या जर्मन अभ्यासकाने १८५३ मध्ये दाखवून दिलं. मला ही गोष्ट कळली तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. हजारो वर्षांपूर्वी दोन भाषा वेगळ्या झाल्या तरी कीर्ती ही कानाने ओळखायची गोष्ट आहे ही समजूत दोन्हीकडे टिकली.

भाषांतरकार या तीन शब्दांसाठी मान, गौरव, प्रतिष्ठा, कीर्ती, यश, बक्षीस असं काहीही वापरतात आणि एकाच पानावर बदलतातही, म्हणून पेन्सिलने खूण करत चला. दिसणारा मान असेल तर एक खूण, ऐकू येणारी कीर्ती असेल तर दुसरी. चूक झाली तरी चालेल, खूण करायला थांबलात की वाक्याकडे नीट बघितलं जातं, फायदा त्याचाच आहे.

आता वही उघडा आणि पहिला सर्ग घ्या. दोन कॉलम करा, कोणाकडून गेलं आणि कोणाकडे आलं. पहिली एंट्री, क्रायसिस नावाचा अपोलोचा पुजारी आपल्या बंदी मुलीला सोडवायला भरपूर खंडणी घेऊन येतो. म्हातारा बाप, हातात देवाची चिन्हं, अगदी नम्र विनंती. ती ज्याच्या वाट्याला आलीय तो ग्रीक सैन्याचा मुख्य राजा अगामेम्नॉन त्याला धमकावून हाकलतो. (हे दृश्य लक्षात ठेवा, खंडणी घेऊन आलेला बाप, शेवटी परत लागणारे.) मग अपोलोच्या कोपाने साथ येते, नऊ दिवस माणसं मरतात, दहाव्या दिवशी अकिलिस सभा बोलावतो आणि मुलगी परत द्यावी लागणार हे ठरतं. आता अगामेम्नॉन काय म्हणतो ते नीट बघा, मला लगेच दुसरं गेरास द्या, सगळ्यांकडे आहे आणि एकट्या माझ्याकडे नाही हे शोभत नाही. अकिलिसचं उत्तर अगदी व्यवहारी आहे, वाटप झालंय, शिल्लक काही नाही, आणि लोकांना दिलेलं परत गोळा करणं बरोबर नाही, ट्रॉय पडल्यावर तिप्पट चौपट देऊ. म्हणजे मानाचा साठा मर्यादित आहे, एकाला द्यायचा तर दुसऱ्याचा काढावा लागतो. आणि अगामेम्नॉन तेच करतो, अकिलिसचं गेरास, ब्रिसेइस ही बंदी बाई, स्वतःकडे घेतो.

हे भांडण प्रेमाचं किंवा वस्तूचं म्हणून वाचू नका. दोन मोजपट्ट्या एकमेकांवर आदळतायत. अकिलिस सगळ्यात चांगला लढणारा आहे, अगामेम्नॉन सगळ्यात जास्त लोकांवर राज्य करणारा. दुसऱ्या सर्गात जहाजांची लांबलचक यादी येते, पहिल्या वाचनात ती सोडायला माझी हरकत नाही, पण त्यातले दोन आकडे वहीत लिहून ठेवा, अगामेम्नॉनची १०० जहाजं आणि अकिलिसची ५०. सगळं भांडण त्या दोन आकड्यांत दिसतं. म्हातारा नेस्टर मध्ये पडून दोघांनाही बरोबर सांगतो, तू त्याची मुलगी घेऊ नकोस, तू राजाशी टक्कर घेऊ नकोस, आणि दोघंही ऐकत नाहीत.

दुसऱ्या सर्गात यादीच्या आधी थर्साइटीसचा प्रसंग आहे, तो मात्र अजिबात सोडू नका. हा सामान्य, कुरूप, कोणाला न आवडणारा शिपाई उठून अगामेम्नॉनला सुनावतो आणि सुनावतो काय, तर अकिलिस जे म्हणाला तेच. यात एक ओळ तर अक्षरशः तीच आहे, याने त्याचा अपमान केला, त्याचं गेरास स्वतः काढून घेऊन बसलाय. पहिल्या सर्गात ३५६वी ओळ आणि दुसऱ्यात २४०वी, शेजारी ठेवून बघा. अकिलिस बोलला तर देवांची सभा हलते, थर्साइटीस बोलला तर ओडिसियस हा ग्रीक राजा त्याच्या पाठीत राजदंड घालतो आणि सैन्य हसतं. मान हा काय बोललात यावर नाही तर बोलणारा कोण यावर मिळतो, आणि कवीने हे आपल्याला भाष्य न करता नुसतं दाखवलंय.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी. वहीत आपण ‘ब्रिसेइस, अकिलिसकडून अगामेम्नॉनकडे’ असं लिहितो तेव्हा ती एक माणूस आहे. एकोणिसाव्या सर्गात ती एकदाच बोलते, अकिलिसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस याच्या प्रेतावर रडताना, आणि तेव्हा कळतं की तिचा नवरा आणि तीन भाऊ एकाच दिवशी मारले गेले, आणि नवऱ्याला मारणारा हाच अकिलिस. ज्या मानासाठी हे काव्य सुरू होतं तो मान या बाईच्या उद्ध्वस्त घरातून आलाय. अठरा सर्ग तिला न बोलू देता मग हे सांगणं, हे कवीला नीट माहीत होतं असंच मला वाटतं. त्या पानावर वहीत तिच्या नावापुढे हे लिहून ठेवा.

यानंतर सरळ बाराव्या सर्गात उडी मारा आणि ३१० ते ३२८ या ओळी वाचा, मग परत मागे या. उलटसुलट वाटेल पण हा उतारा आधी वाचलेला असला की बाकी सगळं सोपं जातं. ट्रॉयच्या बाजूने लढणारा लिशियाचा राजा सार्पिडॉन आपल्या मित्राला, ग्लॉकसला विचारतो, आपल्याला घरी सगळ्यात चांगली जागा, मांस, भरलेले पेले का मिळतात, झँथस नदीच्या काठची सुपीक जमीन का मिळाली, लोक आपल्याकडे देवांसारखं का बघतात? म्हणून आपण पहिल्या फळीत उभं राहायचं. हा झाला करार, तिमे घेतली तर जीव धोक्यात घालायचा. पण त्यापुढे तो जे म्हणतो ते कराराच्या पलीकडचं आहे, मित्रा, या युद्धातून वाचून आपण कायमचे अजर अमर होणार असतो तर मी स्वतः पुढे लढलो नसतो आणि तुलाही पाठवलं नसतं, पण मरण हजार रूपांनी उभंच आहे, तर चल, एकतर आपण कोणाला कीर्ती देऊ नाहीतर कोणी आपल्याला. हे मोठ्याने वाचा. मरणं अटळ आहे म्हणूनच वीरपणाला अर्थ आहे, देवांना तो कधीच मिळणार नाही. यामुळेच होमरमधल्या देवांच्या मारामाऱ्या हलक्या वाटतात, पाचव्या सर्गात युद्धाचा देव एरीस जखमी होतो, नऊ-दहा हजार माणसांएवढं ओरडतो आणि लगेच बरा होऊन बापाशेजारी जाऊन बसतो. ज्याला गमवायला काही नाही त्याच्या शौर्याला काय किंमत. आणि सार्पिडॉन स्वतः सोळाव्या सर्गात मरतो, बाप झ्यूस असूनही, झ्यूस त्याच्यासाठी रक्ताचा पाऊस पाडतो पण वाचवत नाही.

पाच ते आठ सर्ग वाचताना लढाया फार लांबतात अशी तक्रार सगळे करतात. माझी रीत अशी, प्रत्येक मोठ्या योद्ध्याचा एक ‘अरिस्तेइया’ असतो, म्हणजे त्याच्या पराक्रमाचा भर, पाचव्यात डायोमीडीजचा, अकराव्यात अगामेम्नॉनचा, सोळाव्यात पॅट्रोक्लसचा, विसाव्यापासून अकिलिसचा. कोणाचा चालू आहे एवढं ओळखा म्हणजे गर्दीत हरवत नाही. चिलखत चढवायची दृश्यं पण जवळपास ठरलेल्या क्रमाने येतात, आधी पोटऱ्यांचे कवच, मग छातीचं, तलवार, ढाल, शिरस्त्राण, शेवटी भाला, आणि क्रम ठरलेला असल्यामुळे फरक लगेच डोळ्यात भरतो. पॅट्रोक्लस अकिलिसचं सगळं चिलखत घालतो पण भाला घेत नाही, कारण तो अकिलिसशिवाय कोणालाच पेलत नाही. तिथेच समजायचं की हा परत येणार नाही. अशी ठरलेली वाक्यं आणि विशेषणं, ‘चपळ पायांचा अकिलिस’ वगैरे, कंटाळवाणी म्हणून वगळू नका. मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने १९३०च्या दशकात युगोस्लावियात जाऊन तोंडी काव्य रचणारे गायक रेकॉर्ड केले होते आणि त्यातून दिसलं की अशी तयार वाक्यं हे गाता गाता रचणाऱ्याचं हत्यार असतं.

आणि लढाईत लहान मरणं वाचा. चौथ्या सर्गाच्या शेवटाकडे सिमोइसियस नावाचा एक पोरगा मरतो, लग्न न झालेला. कवी थांबून सांगतो की त्याची आई डोंगरावरून आईबापांबरोबर मेंढ्या बघायला आली होती आणि परतताना नदीकाठी तिने याला जन्म दिला म्हणून नदीवरून नाव पडलं, आणि आता तो तोडलेल्या पॉप्लरच्या झाडासारखा पडलाय. दहा-पंधरा ओळी, संपलं. ही पण कीर्तीच आहे, ज्याने काहीही मोठं केलं नाही त्याचं नाव आज तुम्ही वाचताय. माझ्या वहीत अशा नावांचं वेगळं पान आहे आणि मला ते सगळ्यात जास्त आवडतं.

सहाव्या सर्गात ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर बायकोला भेटतो. अँड्रोमकी त्याला सांगते, माझे बाप, सात भाऊ अकिलिसने मारले, आईही गेली, आता तूच बाप, आई, भाऊ आणि नवरा आहेस, भिंतीच्या आत राहा. इथे चौथा शब्द घ्या, ‘आयदोस’, लोकलाज, लोकांच्या नजरेची भीड. हेक्टर म्हणतो, मी लढाईतून मागे राहिलो तर ट्रॉयच्या पुरुषांची आणि लांब पदर लोळवणाऱ्या बायकांची मला फार लाज वाटेल. ही ओळ (६.४४२) कॉपी करून ठेवा. मग बाविसाव्या सर्गात तो भिंतीबाहेर एकटा उभा आहे, समोरून अकिलिस येतोय, आईबाप वरून हाका मारतायत, आणि तो मनाशी तीच ओळ, शब्दशः तीच, परत म्हणतो (२२.१०५). पण आता अर्थ उलटलाय. पॉलिडॅमस या त्याच्या साथीदाराने सैन्य आत घ्यायचा सल्ला दिला होता, याने ऐकला नाही, माणसं मेली, आणि आता कोणीतरी हलका माणूस म्हणेल की हेक्टरने स्वतःच्या बळावर भरवसा ठेवून लोकांचा नाश केला. पहिल्यांदा लाज त्याला शहरासाठी लढायला पाठवत होती, दुसऱ्यांदा तीच लाज त्याला शहरात परत येऊ देत नाही, आणि शहराला तर तो जिवंत हवा होता. या दोन ओळी शेजारी ठेवल्याशिवाय हेक्टर कळत नाही, मी हे ठामपणे सांगतो. शेवटचा हल्ला करण्याआधीचे त्याचे शब्दही लिहून घ्या, झगडल्याशिवाय, कीर्तीशिवाय मरायचं नाही, पुढच्या लोकांनी ऐकावं असं काहीतरी करून मरायचं. बघा, ‘ऐकावं’.

नववा सर्ग दोनदा वाचा, गरज पडली तर तीनदा. ओडिसियस, फिनिक्स आणि एजॅक्स अकिलिसला परत आणायला जातात तेव्हा तो वीणेसारखं वाद्य घेऊन ‘क्लेआ आंद्रोन’, पुरुषांच्या कीर्ती, गात बसलेला असतो. लढणं थांबलंय, पण कीर्तीचं गाणं नाही. आता वहीत अगामेम्नॉनची लिस्ट उतरवा, न तापवलेल्या ७ तिवया, १० टॅलंट (हे वजनाचं माप) सोनं, २० हंडे, शर्यती जिंकलेले १२ घोडे, लेस्बॉसच्या ७ बायका, ब्रिसेइस परत, पुढे ट्रॉय पडल्यावर आणखी २० बायका, मुलींपैकी एकीशी लग्न आणि वर ७ गावं. कोणालाही वाटेल आता तरी मानावं. पण दोन गोष्टी तपासा. एक, अगामेम्नॉन शेवटी म्हणाला होता की त्याने माझ्यापुढे नमावं, मी जास्त मोठा राजा आहे, आणि ओडिसियस निरोप सांगताना नेमकं तेवढंच गाळतो. दोन, या लिस्टमध्ये माफी कुठेच नाही. एवढं घेतलं तर अकिलिस त्याचा मिंधा जावई होणार.

अकिलिसचं उत्तर हे माझ्या मते सगळ्या काव्यातलं सगळ्यात धाडसी भाषण आहे. तो भाव वाढवून मागत नाही, तो मोजपट्टीच फेकून देतो. मागे राहणाऱ्याला आणि जीव तोडून लढणाऱ्याला सारखाच वाटा, भित्रा आणि शूर दोघांना एकच मान, काहीच न करणारा आणि खूप करणारा सारखेच मरतात. गुरं लुटता येतात, तिवया मिळवता येतात, पण माणसाचा जीव एकदा दातांच्या कुंपणाबाहेर गेला की परत आणता येत नाही. आणि मग तो दोन मरणांचं सांगतो, इथे राहून लढलो तर घरी परतणं नाही पण कीर्ती कधी न विझणारी, घरी गेलो तर कीर्ती गेली पण आयुष्य लांब. बरेच लोक हे वाचून समजतात की त्याने तिथेच कीर्ती निवडली. तसं नाहीये, त्या क्षणी तो घरी जायचंच म्हणतोय. लढाईत तो परत येतो तो हेक्टरच्या हातून पॅट्रोक्लस मेल्यावर, आणि तेव्हा भेटवस्तूंकडे त्याचं लक्षही नसतं, एकोणिसाव्या सर्गात सगळ्या वस्तू आणून मांडल्या जातात आणि हा म्हणतो द्या नाहीतर ठेवा, आता लढायला चला. पहिल्या सर्गापासून ज्या हिशोबावर काव्य चाललं तो पूर्ण चुकता होतो आणि ज्याला मिळाला त्याला त्यात काहीच राहिलेलं नाही.

तेविसावा सर्ग लोक घाईने उरकतात, खेळांच्या शर्यती म्हणून. प्लीज असं करू नका. पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीनंतरचे हे खेळ अकिलिसने भरवलेत, बक्षिसं त्याच्या पदरची, पंच तोच. म्हणजे पहिल्या सर्गात अगामेम्नॉन जिथे होता तिथे आता हा उभा आहे, मान वाटणारा. रथांच्या शर्यतीत युमेलसचा रथ मोडतो आणि तो शेवटी येतो, अकिलिस म्हणतो बिचारा चांगला सारथी आहे, दुसरं बक्षीस, घोडी, त्याला देऊ. तर दुसरा आलेला तरुण अँटिलोकस भडकतो, माझं बक्षीस काढून घेऊ नका, त्याला द्यायचं तर तुमच्या तंबूतून दुसरं काही द्या. ऐकल्यासारखं वाटतं ना? हुबेहूब पहिल्या सर्गातली परिस्थिती. आणि अकिलिस हसतो. इलियडभर हा माणूस इथेच एकदा हसतो. त्याचं म्हणणं मान्य करतो आणि युमेलसला स्वतःकडचं चिलखत देतो. साठा मर्यादित असताना काय करायचं याचं उत्तर त्याने दिलं, दुसऱ्याचं न काढता आपल्यातलं द्यायचं. मग अगामेम्नॉनचा भाऊ मेनेलाउस अँटिलोकसला धरतो की तू लबाडीने मला मागे टाकलंस, शपथ घे. पोरगा शपथ घेत नाही, घोडी देऊन टाकतो, आणि मेनेलाउसचं मन पिकावर दव पडावं तसं मऊ होतं आणि तो घोडी परत देतो. म्हाताऱ्या नेस्टरला शर्यतीत न उतरताच एक बक्षीस मिळतं. आणि शेवटी भालाफेकीला अगामेम्नॉन उठतो तेव्हा अकिलिस म्हणतो, तू सगळ्यांत श्रेष्ठ आहेस हे आम्हाला माहीत आहे, स्पर्धा नको, बक्षीस घे. भांडण मिटलं, फक्त आता देणारा अकिलिस आहे. वहीत ही सगळी देवाणघेवाण लिहा आणि पहिल्या सर्गाचं पान शेजारी उघडा.

चोविसावा मी फार सांगणार नाही, तो तुम्ही स्वतः, सलग, मध्ये न उठता वाचा. फक्त वहीपुरतं एवढं, ट्रॉयचा राजा प्रायम, हेक्टरचा बाप, अकिलिसने मारलेल्या मुलाचं प्रेत सोडवायला खंडणी घेऊन येतो, पहिल्या सर्गातल्या पुजाऱ्यासारखाच म्हातारा बाप, आणि त्या खंडणीत सोनं किती आहे ते बघा. १० टॅलंट. नवव्या सर्गात अगामेम्नॉनने देऊ केलेले, अकिलिसने झिडकारलेले, तेवढेच. ज्या हातांनी मुलं मारली ते हात प्रायम चुंबतो, दोघं रडतात, एक हेक्टरसाठी, एक आपल्या बापासाठी आणि पॅट्रोक्लससाठी, आणि आता अकिलिस घेतो. घेतो, आणि त्यातले दोन झगे आणि एक अंगरखा मागे ठेवतो, हेक्टरचं प्रेत गुंडाळून घरी पाठवायला. माझ्या वहीतली ही शेवटची एंट्री आहे.

इलियड झाल्यावर महिनाभर थांबा आणि मग ओडिसी घ्या, लगेच घेऊ नका. तिथे साधारण १२,१०० ओळी आहेत, पहिलाच शब्द ‘माणूस’ असा आहे, इलियडचा पहिला शब्द ‘कोप’ होता. इथे हिशोब बदलतो, कीर्तीच्या समोर ‘नोस्तोस’ उभा आहे, घरी परतणं. अकिलिसला दोन्हींतलं एकच मिळणार होतं, ओडिसियसला दोन्ही हवंय. तपासायची जागा नववा सर्ग, सायक्लोप्सच्या, म्हणजे पॉलिफीमस या एका डोळ्याच्या राक्षसाच्या, गुहेतून तो निसटतो ते ‘कोणी नाही’ हे नाव सांगून, म्हणजे स्वतःचं नाव, स्वतःची कीर्ती पुसून. आणि जहाज लांब गेल्यावर त्याला राहवत नाही, ओरडून खरं नाव सांगतो, बापाचं नाव, गावाचं नाव सगळं, आणि त्या नावावरच पॉलिफीमस त्याला शाप देतो. आठव्या सर्गात तो गायकाच्या तोंडून स्वतःचीच कीर्ती ऐकतो आणि रडतो, आणि कवी त्याच्या रडण्याला उपमा देतो ती पडलेल्या नवऱ्याला कवटाळून आक्रोश करणाऱ्या, भाल्याने टोचून गुलामीत हाकलल्या जाणाऱ्या बाईची. ब्रिसेइसचं पान आठवा. चोविसाव्यात अगामेम्नॉनचं भूत ओडिसियसची बायको पेनेलोपी हिची कीर्ती कधी मरणार नाही असं म्हणतं, तेही खुणेने ठेवा, घर राखलेल्या बाईला हाच क्लेओस शब्द.

आणि मग अकरावा सर्ग. मेलेल्यांच्या जगात ओडिसियस अकिलिसला भेटतो आणि म्हणतो तुझ्याइतका भाग्यवान कोणी नाही, जिवंत असताना देवांसारखा मान, आता मेलेल्यांवर राज्य. अकिलिसचं उत्तर (४८९ पासून) फार प्रसिद्ध आहे, मरणाचं कौतुक मला सांगू नकोस, सगळ्या मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा जमीन नसलेल्या गरिबाच्या घरी मजूर म्हणून राबलो असतो. बहुतेक जण इथे अधोरेखित करतात, अकिलिसने कीर्ती नाकारली असं लिहितात आणि पुस्तक मिटतात. तुम्ही मिटू नका, अजून पन्नासेक ओळी वाचा. तो लगेच विचारतो, माझ्या मुलाचं सांग, तो पुढच्या फळीत लढला का, आणि माझ्या म्हाताऱ्या बापाला लोक अजून मान देतात का? बापाचं ओडिसियसला काही माहीत नसतं. मुलाचं तो सांगतो, सभेत कसा बोलायचा, लढाईत कसा सगळ्यांच्या पुढे धावायचा, लाकडी घोड्याच्या पोटात बाकीचे थरथरत असताना हा कसा तलवारीच्या मुठीवर हात ठेवून बसला होता. ते ऐकून अकिलिसची सावली काहीच बोलत नाही, अॅस्फोडेलच्या फुलांच्या कुरणातून लांब लांब ढांगा टाकत निघून जाते, मुलाचं नाव झालं म्हणून आनंदात.